मंत्री बदलले, धोरण बदलले काय?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपणांस दूरचा वाटेल. लंडनमध्ये एक मंत्रिमंडळ जाऊन दुसरे आले, म्हणजे ब्रिटिश सरकारचे धोरण खरोखर बदलते काय, हा प्रश्न भिलाईत बसून आपण कशासाठी विचारावयाचा? त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, ह्याच प्रश्नाने महाराष्ट्राला जवळजवळ अर्धशतकभर बेचैन केले होते. जहाल आणि मवाळ ह्यांच्या वादाचा गाभा शोधू गेल्यास तेथे हाच प्रश्न बसलेला आढळतो. दुसरे कारण आपल्या घरातले आहे. आपली मुले-मुली आता शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तिकडे जातात, आणि तेथील पंतप्रधान बदलला की व्हिसाचे नियम सैल होतील की आवळतील, ह्याची चर्चा येथल्या घरोघरी सुरू होते. तेव्हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

आपल्याकडे म्हण आहे : राजा बोले, दळ हाले. ब्रिटनचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, तेथे पुष्कळदा दळच राजाला बोलावयास लावते. हे कसे, ते काही प्रत्यक्ष घटनांवरून पाहू.

प्रथम कापसाची हकीकत घेऊ. मुंबईत गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या पोटात गोळा उठला. हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरील जकात काढून टाका, असा त्यांनी धोशा लावला. १८७९ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांनी आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत बाजूस सारून जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात उठविली. लिटन हे हुजूर पक्षाचे. पुढच्याच वर्षी विलायतेत निवडणूक झाली, डिझरायली गेले, ग्लॅडस्टन आले, आणि लिटन ह्यांच्या जागी उदारमतवादी पक्षाचे लॉर्ड रिपन आले. रिपन ह्यांचे नाव आपल्या लोकांनी फार प्रेमाने घेतले, आणि ते योग्यच होते. त्याविषयी पुढे बोलू. पण कापसाच्या बाबतीत काय घडले? १८८२ साली रिपन ह्यांच्याच कारकिर्दीत कापडावरील उरलीसुरली जकातही गेली. हुजूर पक्षाने आरंभिलेले काम उदारमतवादी पक्षाने पुरे केले.

पुढे सरकारी तिजोरीत खडखडाट झाला आणि १८९४ साली जकात पुन्हा बसविणे भाग पडले. तेव्हा विलायतेत उदारमतवादी मंत्रिमंडळ होते. त्याने विलायती सुतावर आणि कापडावर पाच टक्के जकात बसविली खरी; पण मुंबईच्या गिरण्यांना तिचा फायदा मिळू नये म्हणून त्यांच्या वीस नंबरावरील सुतावर तितकाच अबकारी कर लादला. १८९६ साली हुजूर पक्षाच्या मंत्रिमंडळाने ही व्यवस्था बदलली, ती अशी की विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरण्यांच्या सर्व कापडावर साडेतीन टक्के अबकारी. डिझरायली, ग्लॅडस्टन, रोझबरी, सॉल्झबरी असे चार पंतप्रधान आणि दोन पक्ष झाले. लँकेशायरचे धोरण मात्र एकच राहिले. ह्या छत्तीसगडच्या रानात पळसाला तोटा नाही. कोठेही जा, त्याला पाने तीनच. तसा हा प्रकार झाला. कारण उघड होते. लँकेशायरच्या मतदारांची गरज दोन्ही पक्षांना होती, आणि मुंबईच्या गिरणी-कामगाराला व मालकाला विलायतेत मत नव्हते.

हा अबकारी कर अखेर १९२५ च्या डिसेंबरात तहकूब झाला आणि नंतर रद्द झाला. त्या वेळी सत्तेवर कोण होते? हुजूर पक्षच. त्याआधी १९१७ साली कापडावरील आयात जकात साडेसात टक्क्यांवर गेली आणि अबकारी साडेतीनवरच राहिली, तीही एका हुजूर-पक्षीय भारतमंत्र्याच्या हातून. महायुद्धासाठी हिंदुस्थान सरकारने दहा कोटी पौंडांचा भार उचलला होता आणि त्यासाठी पैसा हवा होता. त्या गरजेपुढे लँकेशायरची ओरड प्रथमच फिकी पडली. एकूण, पक्ष बदलूनही जे झाले नाही ते परिस्थिती बदलल्यावर झाले.

आता रिपन ह्यांच्याविषयी. नेता बदलल्याने काहीच होत नाही असे जर आम्ही म्हणू लागलो, तर ते रिपन ह्यांच्यावर अन्याय करणारे होईल. लिटन ह्यांनी १८७८ साली देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला होता. ‘केसरी’चा पहिला अंक १८८१ च्या जानेवारीत निघाला तो ह्या कायद्याच्या छायेत. १८८२ साली रिपन ह्यांनी तो रद्द केला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. आपल्या नगरपालिकांची वंशावळ त्या ठरावापर्यंत जाऊन पोहोचते. परंतु ह्या कथेचा उत्तरार्धही ऐकला पाहिजे. वृत्तपत्रांना ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळाने दिलेले हे स्वातंत्र्य १९०८ आणि १९१० च्या कायद्यांनी पुन्हा आवळले गेले. त्या वेळी विलायतेत उदारमतवादी पक्षाचेच राज्य होते, आणि भारतमंत्री होते जॉन मोर्ले, ग्लॅडस्टनचे स्नेही व चरित्रकार.

मोर्ले ह्यांचे नाव निघाले म्हणजे आपण पुण्यात येऊन पोहोचलो. १९०५ च्या डिसेंबरात ते भारतमंत्री झाले, आणि त्याच महिन्यात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्षपद नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्याकडे होते. मिल आणि बर्क ह्यांचे ग्रंथ वाचून वाढलेल्या त्या पिढीला मोर्ले हे गुरुस्थानी होते. असा तत्त्वज्ञ अधिकारावर आला, तो आपली तत्त्वे हिंदुस्थानला लावील काय, ह्या विचाराने मनात आशा आणि धाकधूक एकदमच उठते, अशा आशयाचे उद्गार गोखल्यांनी अध्यक्षीय भाषणात काढले. दुसऱ्या वर्षी ते विलायतेत जाऊन मोर्ले ह्यांना भेटले, पुनःपुन्हा भेटले. पण १९०६ च्या आरंभीच मोर्ले ह्यांनी वंगभंग ही ठरून गेलेली गोष्ट आहे असे पार्लमेंटात सांगून टाकले होते.

लोकमान्य टिळकांनी २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्यास केलेल्या भाषणात ह्या साऱ्या आशावादाचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, विलायतेत उदारमतवादी असोत की हुजूर पक्षाचे असोत, राज्यापासून होणारा फायदा आपण होऊन सोडावयास कोणीही तयार नसतो. उदारमतवाद घरच्यासाठी आहे, हिंदुस्थानसाठी नव्हे. ह्या मताची प्रचीती त्यांना स्वतःलाच यावयाची होती. २४ जून १९०८ रोजी त्यांना अटक झाली आणि २२ जुलैस सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी-कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. आता येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबई सरकारने हा खटला भरावा हे खुद्द मोर्ले ह्यांना पसंत नव्हते, असे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. म्हणजे लंडनमधल्या मंत्र्याचे मन एका बाजूला आणि त्याच्या नावाने चाललेला कारभार दुसऱ्या बाजूला! मंत्री नाराज झाला, आणि टिळक मंडालेस गेले.

आणखी तीन वर्षांनी, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्लीच्या दरबारात बंगालची फाळणी रद्द झाल्याची घोषणा झाली. ‘ठरून गेलेली गोष्ट’ मोडली. पक्ष तोच होता, पंतप्रधानही १९०८ पासून तेच होते. मधल्या काळात बंगालमधील आंदोलन थांबले नव्हते, एवढाच काय तो फरक.

आमच्या मते गोखले-टिळक वादाचा निवाडा एका बाजूने देऊन चालणार नाही. गोखले केवळ मोर्ले ह्यांच्या भलेपणावर विसंबून बसले नव्हते. १९०२ पासून दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी ते सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडीत आणि गरिबाच्या मिठावरील कर कमी करा असे सांगत. हा कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया झाला. पहिल्या दोन कपाती हुजूर पक्षाच्या राज्यात झाल्या आणि तिसरी उदारमतवाद्यांच्या. म्हणजे गोखल्यांना यश आले ते जेथे त्यांनी मंत्र्याच्या मनावर भरवसा न ठेवता आकड्यांचा रेटा चालू ठेवला तेथे. टिळकांनी रस्त्यावरचा रेटा उभा केला, गोखल्यांनी सभागृहातला. मंत्री कोण आहे ह्यावाचून दोघांचेही काम अडले नाही.

ठराव संमत झाला म्हणजे धोरण बदलले असेही समजू नये. १८९२ साली दादाभाई नौरोजी उदारमतवादी पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून गेले. २ जून १८९३ रोजी कॉमन्स सभेने असा ठराव केला की, सनदी नोकरीची परीक्षा विलायतेत आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी. आपल्याकडे आनंदीआनंद झाला. पण सरकारने हिंदुस्थानातील प्रांतिक सरकारांची मते मागविली, एक मद्रास सोडले तर सर्वांचा सूर विरोधाचा निघाला, आणि ठराव बासनात गेला. ही परीक्षा हिंदुस्थानात प्रथम झाली ती १९२२ साली, एकोणतीस वर्षांनी! मंत्री येतात आणि जातात. टिपणे लिहिणारा खात्याचा अधिकारी आपल्या खुर्चीवर कायम असतो. सरकारी कचेरीत किंवा कारखान्यात नोकरी केलेल्या श्रोत्यांना ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

पुढे मजूर पक्ष आला. श्रमिकांचा पक्ष, साम्राज्यशाहीवर टीका करणारा पक्ष. आपल्याकडे पुन्हा आशा पालवल्या. १९२४ साली रॅम्से मॅक्डोनल्ड ह्यांचे पहिले मजूर मंत्रिमंडळ असतानाच बंगालमध्ये विनाचौकशी अटकेचा वटहुकूम निघाला आणि २५ ऑक्टोबरला सुभाषबाबूंना पकडून पुढे मंडालेस पाठविण्यात आले, त्याच मंडालेस! १९२९ च्या मार्चमध्ये हुजूर पक्षाच्या राज्यात मीरतचा खटला उभा राहिला. आरोपींत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर अशी आपली मराठी माणसे होती. जून महिन्यात मजूर पक्ष सत्तेवर आला, पण कामगार-पुढाऱ्यांवरचा तो खटला कामगारांच्या पक्षाने मागे घेतला नाही. तो मजूर सरकारच्या साऱ्या कारकिर्दीत चालू राहिला आणि निकाल लागला १९३३ च्या जानेवारीत.

आणि सोलापूर! १९३० च्या मे महिन्यात तेथे लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्याच दिवसांत लंडनमध्ये गोलमेज परिषदेचे पहिले अधिवेशन चालले होते आणि पंतप्रधान मॅक्डोनल्ड हिंदुस्थानच्या भवितव्याविषयी सहानुभूतीने बोलत होते. परिषदेचा समारोप एक आठवड्याने झाला. शब्द बदलले होते. येरवड्याच्या भिंतीआड काही बदलले नव्हते. ह्या प्रश्नाला आम्ही निव्वळ पंडिती चर्चा समजत नाही, त्याचे कारण हे चार हुतात्मे आहेत.

मग १९४७ चे काय, असे आपण विचाराल. १९४५ च्या जुलैत चर्चिल हरले, ॲटली आले, आणि दोन वर्षांत आपण स्वतंत्र झालो. नेता बदलल्याचा हा सर्वांत मोठा पुरावा नव्हे काय? पुरावा आहे, पण तो नीट तपासून घ्यावा. हेच ॲटली १९२८ साली सायमन कमिशनचे सभासद म्हणून हिंदुस्थानात आले होते, आणि त्या कमिशनने आपल्याला जे देऊ केले ते फारच थोडे होते. माणूस तोच, वीस वर्षांत बदलला तो काळ. महायुद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाले होते, आणि हिंदुस्थानचेच त्याच्याकडून सुमारे एकशेतीस कोटी पौंड येणे होते. बेचाळीसचे आंदोलन होऊन गेले होते. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात नाविकांनी बंड पुकारले होते. ज्या शिपायांच्या बळावर राज्य करावयाचे, त्यांचाच भरवसा राहिला नव्हता. चर्चिल असते तर त्यांनी विलंब लावला असता, त्रास दिला असता. पण राज्य राखण्याचे बळ त्यांच्यापाशीही उरले नव्हते.

येथे मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ॲटलींनी सत्तांतरासाठी जून १९४८ ही मर्यादा घातली होती. माउंटबॅटन ह्यांनी ती ऑगस्ट १९४७ वर आणली. दिशा परिस्थितीने ठरविली, गती माणसांनी ठरविली. त्या गतीची किंमत पंजाबात आणि बंगालमध्ये लाखो कुटुंबांनी मोजली. तेव्हा नेत्याच्या हाती दिशा नसते म्हणून नेता कोण ह्याला महत्त्व नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गती आणि रीत ह्या किरकोळ गोष्टी नव्हेत.

भिलाईकरांना जवळचे असे एक उलट उदाहरणही देतो, ते पोलादाचे. ब्रिटनचा पोलाद उद्योग मजूर सरकारने १९५१ साली राष्ट्राच्या मालकीचा केला. हुजूर पक्षाने १९५३ चा कायदा करून तो पुन्हा खाजगी मालकांकडे देण्यास आरंभ केला. १९६७ साली मजूर पक्षाने त्याचे पुन्हा राष्ट्रीयीकरण केले. १९८८ साली थॅचरबाईंनी तो पुन्हा विकला. आपल्या कारखान्याचा करार १९५५ साली झाला आणि पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली. आपण येथे एकाच सार्वजनिक मालकीखाली पोलाद ओतीत असताना तिकडे त्याच धंद्याचा मालक पुनःपुन्हा बदलत होता. म्हणजे पक्ष बदलल्याने धोरण बदलते! पण कोठे? जेथे दोन पक्षांमागे उभे असलेले लोक निरनिराळे असतात तेथे. एकामागे कामगार-संघटना होत्या, दुसऱ्यामागे भांडवलदार. आणि दोघांनाही मत होते.

पुढे तेही अंतर कमी झाले. पोर्ट टॅलबट येथील टाटांच्या कारखान्यात विजेची भट्टी उभारण्यासाठी पन्नास कोटी पौंड देण्याचे हुजूर पक्षाच्या सुनक सरकारने २०२३ च्या सप्टेंबरात ठरविले. २०२४ च्या जुलैत मजूर पक्ष आला. त्याने कामगारांसाठी काही अटी सुधारून घेतल्या, पण रक्कम आणि योजना तीच ठेवली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील शेवटची ब्लास्ट फर्नेस विझली. भट्टी विझणे म्हणजे काय, हे ह्या गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडची आणखी दोन उदाहरणे घेतो. हिंदुस्थान आणि ब्रिटन ह्यांच्यातील व्यापार-कराराची बोलणी २०२२ च्या जानेवारीत जॉन्सन ह्यांच्या काळात सुरू झाली. नंतर ट्रस आल्या. त्यांनी अर्थनीती एकदम बदलू पाहिली, तेव्हा बाजाराने असा हिसका दिला की पन्नास दिवसांत त्यांना जावे लागले. मग सुनक, मग स्टार्मर. चार पंतप्रधान झाले, पण बोलणी चालूच राहिली आणि २४ जुलै २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. दुसरे उदाहरण व्हिसाचे. सुनक पंतप्रधान झाले तेव्हा आपल्याकडे पुष्कळांना आपलाच माणूस गादीवर बसल्यासारखे वाटले. त्यांच्याच काळात, २०२४ च्या एप्रिलमध्ये, कुशल कामगारांच्या व्हिसासाठी लागणाऱ्या पगाराची सर्वसाधारण मर्यादा २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली. मजूर सरकारने २०२५ च्या जुलैत ती ४१,७०० केली. बाहेरून येणाऱ्याला मत नसते. मुंबईच्या गिरणीवाल्याला नव्हते, तसेच.

ह्या साऱ्याचे सार आम्ही असे काढतो. नेता बदलल्याने सरकारची भाषा लगेच बदलते, रीत आणि गती काही प्रमाणात बदलते. दिशा बदलते ती मात्र ज्यांचे ऐकावेच लागते त्यांचा रेटा बदलला म्हणजे. ज्याला मत नाही आणि ज्याने रेटाही उभा केला नाही, त्याच्यासाठी दोन्ही पक्ष सारखेच. महाराष्ट्राने हा धडा फार किंमत देऊन शिकला.

हा धडा केवळ ब्रिटनपुरता नाही. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, नवा मंत्री येईल, नवा साहेब येईल आणि आपले भले करील, अशी वाट पाहण्याची सवय लवकर जडते. पण वेतनकरार मंत्री बदलल्याने हाती पडत नाहीत. आकडे घेऊन वाटाघाटीला बसणाऱ्यांच्या तयारीने पडतात. आपले मंडळही एखाद्या थोर अध्यक्षाच्या कृपेवर पन्नास वर्षे चालले नाही. अध्यक्ष बदलत गेले. वर्गणी गोळा करणारे, सतरंज्या घालणारे, मुलांची नाटके बसविणारे हात टिकले, म्हणून ते चालले. येणारा पदाधिकारी चांगला असावा ही इच्छा जरूर धरावी. परंतु आपले काम त्याच्या येण्यावर अडवून ठेवू नये.